बिनविरोध हा शब्द खाली उतरवा

वारसा दालनाच्या समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दालनातल्या चौदाव्या फलकाबद्दल मी याआधी दोनदा लिहिलं आहे. पहिल्यांदा अभिप्राय वहीत, दुसऱ्यांदा रीतसर अर्ज देऊन, पोच घेऊन. अर्जाला उत्तर आलं, त्याबद्दल आभार. पण ते उत्तर एका ओळीचं आहे: "फलकावरील मजकूर वस्तुस्थितीस धरून असल्याने बदलाची आवश्यकता वाटत नाही." म्हणून हे तिसरं पत्र मी सगळ्यांसमोर लिहिते आहे. समितीतले दोघे जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. ३१ वर्षं मी फोंडा तालुक्यात इतिहास शिकवला. त्यामुळे हे पत्र रागाने लिहिलेलं नाही, आणि गप्प बसणंही मला जमणार नाही, हे त्या दोघांना तरी ठाऊक असेल.

ज्यांनी दालन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी फलक जसाच्या तसा देते. वर गणवेशातल्या पोर्तुगीज सेनाधिकाऱ्याचं चित्र, छातीवर पदकांची रांग. खाली तीन ओळी: "जनरल ओस्कार कार्मोना. १९२८ च्या राष्ट्रीय निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदी बिनविरोध निवड. यांच्या कारकिर्दीत स्थैर्याचा काळ सुरू झाला."

बस, एवढंच. मग लगेच पंधरावा फलक लागतो आणि तिथे मांडवीच्या काठावरच्या इमारतींची छायाचित्रं सुरू होतात.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वस्तुस्थिती तीच आहे. २५ मार्च १९२८ ला पोर्तुगालमध्ये मतदान झालं, उमेदवार एकच होता, आणि त्याला ७ लाख ६१ हजारांच्या वर मतं पडली. यातला एकही आकडा खोटा नाही. माझी तक्रार आकड्यांविषयी नाहीच, ती 'बिनविरोध' या शब्दाविषयी आहे.

हा शब्द आपल्याकडे कसा वापरला जातो ते बघा. देवस्थानची समिती बिनविरोध आली, दूध सोसायटी बिनविरोध झाली, वाचनालयाचं कार्यकारी मंडळ बिनविरोध निवडलं, हे आपण समाधानाने सांगतो. शेजारच्या महाराष्ट्रात बिनविरोध ग्रामपंचायतीचं कौतुक होतं, तिला बक्षिसं जाहीर होतात. हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर येतं ते एकच चित्र: गावातली जाणती माणसं देवळाच्या सभामंडपात बसली, रात्री उशिरापर्यंत बोलली, कोणी रुसला त्याला समजावलं, कोणी भरलेला अर्ज मागे घेतला, आणि सकाळी पेढे वाटले. बिनविरोध म्हणजे एकोपा, सगळ्यांच्या संमतीने झालेलं काम. आता दालनात येणारं शाळकरी मूल तो फलक वाचून कार्मोनाबद्दल काय समजेल? सगळ्या देशाला हवाहवासा वाटणारा माणूस होता, असंच समजेल. मी स्वतः ऐकलं आहे. जानेवारीत दालनात एका शाळेची सहल आली होती, आणि त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांनी मुलांना हेच समजावून सांगितलं, "बिनविरोध, म्हणजे सगळ्यांचा पाठिंबा." त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. फलक वाचून कोणीही तेच सांगेल.

म्हणून विरोधात कोणी का नव्हतं, ते मी इथे सांगते.

२८ मे १९२६ ला उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात सैन्याने उठाव केला. जनरल गोमिश द कोश्ता फौज घेऊन लिस्बनकडे निघाले. राष्ट्राध्यक्ष बेर्नार्दिनु माशादु यांनी पद सोडलं. जूनमध्ये संसद बरखास्त झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. पुढे सेनाधिकाऱ्यांचं आपसातच जुंपलं. आधी सत्ता घेतलेले काबेसादश बाजूला गेले. मग खुद्द गोमिश द कोश्तांना जुलैमध्ये हटवून अझोरेस बेटांवर पाठवलं. त्यांना हटवणाऱ्यांत आघाडीवर होते कार्मोना. म्हणजे तुमच्या फलकावरचा माणूस एका उठावातून वर आला आणि त्या उठावातल्या दुसऱ्या उठावातून सगळ्यांत वर जाऊन बसला. नोव्हेंबर १९२६ मध्ये त्यांनी हंगामी राष्ट्राध्यक्षपद घेतलं. मार्च १९२८ मध्ये लोकांना मत द्यायला बोलावलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसून त्यांना सोळा महिने झाले होते.

आणि विरोध झालाच नव्हता असं कृपा करून म्हणू नका. ३ फेब्रुवारी १९२७ ला पोर्तु शहरात प्रजासत्ताकवादी, म्हणजे १९१० पासूनचं आणि या उठावाने मोडलेलं प्रजासत्ताक परत आणू पाहणारे, सैनिक आणि नागरिक उठले, काही दिवसांनी लिस्बनही उठलं. तोफा चालल्या. आठवड्याभरात सगळं चिरडलं गेलं. दोन्ही शहरं मिळून शंभराहून अधिक माणसं मेली. पकडलेल्यांना अझोरेसला, आफ्रिकेत, थेट तिमोरपर्यंत हद्दपार केलं. जे निसटले ते पॅरिसला गेले. तीनदा पंतप्रधान झालेले आफोंसु कोश्ता तिथे आधीपासूनच होते. जाइमि कोर्तेझांव इतिहासकार, आंतोनियु सेर्जियु विचारवंत. या लोकांनी पॅरिसमध्ये बसून प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी संघटना काढली. विरोधक होते आणि त्यांची नावंगावंही आपल्याला ठाऊक आहेत. फक्त उमेदवारी अर्ज भरायला देशात राहू दिलेलं नव्हतं. माणसाला बेटावर नेऊन सोडायचं आणि मागे त्याची खुर्ची रिकामी बघून "याला विरोध करायचा नव्हता" असं लिहायचं, हे तुमच्या फलकाने केलं आहे. तुमच्या मनात तसं नसेल, पण फलकाचा अर्थ तोच होतो.

तुमच्या संशोधकाच्या नजरेतून सुटलेली आणखी एक गोष्ट आहे. पोर्तुगालमध्ये असं होण्याची ही पहिली वेळ नव्हती. दहाच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९१७ मध्ये, सिदोनियु पाईश यांनी उठाव करून सत्ता घेतली होती. तेव्हाही पदावरून काढले गेले ते बेर्नार्दिनु माशादुच! एकाच माणसाला दोनदा निवडून आणलं आणि दोन्ही वेळा लष्कराने घरी पाठवलं. पाईश यांनी २८ एप्रिल १९१८ ला निवडणूक घेतली. प्रमुख पक्षांनी बहिष्कार टाकला, उमेदवार एकटे पाईश. १९११ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाची निवड संसद करत असे. म्हणजे पोर्तुगालच्या जनतेला "तुम्ही थेट मत द्या" असं इतिहासात पहिल्यांदा सांगितलं गेलं ते उठावानंतर, आणि तेव्हा कागदावर नाव एकच. दुसऱ्यांदा १९२८ मध्ये सांगितलं गेलं, पुन्हा उठावानंतर, पुन्हा नाव एकच. बायकांना तर दोन्ही वेळा मतच नव्हतं. १९११ साली कारोलिना बियात्रिश आंजेलु या विधवा डॉक्टरीणबाईंनी "मी कुटुंबप्रमुख आहे, कायद्यात पुरुष असं कुठे लिहिलंय" म्हणत कोर्टातून हक्क मिळवून मत टाकलं होतं. त्यावर १९१३ साली कायद्यात 'पुरुष' हा शब्द घालून ती फट बुजवली. (वर्गात हे सांगितलं की मुली हमखास ताठ बसायच्या.)

प्रजासत्ताकाची बाजू घेते म्हणून त्याचे दोष मी झाकणार नाही. १९१० ते १९२६ या सोळा वर्षांत पोर्तुगालमध्ये चाळिसाहून अधिक सरकारं आली आणि गेली. पगार वेळेवर होत नव्हते, महागाईने माणसं पिचली होती, रस्त्यांवर बॉम्ब फुटत होते. १९२६ च्या उठावाचं लिस्बनच्या रस्त्यांवर पुष्कळांनी स्वागत केलं, हेही खरं. तुमच्यातले एक सदस्य मला फोनवर म्हणाले, "बाई, दुसरा उमेदवार असता तरी कार्मोनाच जिंकले असते." जिंकलेही असते. मी नाही म्हणत नाही. मग दुसरं नाव येऊ द्यायला काय हरकत होती? ज्याला जिंकायची खात्री असते तो समोरच्याला तिमोरला पाठवत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली 'बिनविरोध' या शब्दाची, ती वर झाली.

दुसरी 'स्थैर्य' या शब्दाची. हे स्थैर्य कोणासाठी होतं? १५ एप्रिल १९२८ ला कार्मोनांनी शपथ घेतली. २७ एप्रिलला, म्हणजे बारा दिवसांनी, कुइंब्रा विद्यापीठातला एक प्राध्यापक अर्थमंत्री झाला, त्याचं नाव आंतोनियु द ओलिवैरा सालाझार. पदभार घेताना तो म्हणाला होता, "मला काय हवं आहे आणि मी कुठे जातो आहे हे मला नीट ठाऊक आहे." दोन वर्षांनी वसाहतींचं खातंही हंगामी त्याच्याकडे आलं आणि त्याने वसाहत कायदा आणला, ८ जुलै १९३०. परके मुलूख ताब्यात ठेवणं, तिथे वसाहत करणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा मूळ धर्मच आहे, असं त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं. प्रजासत्ताकाने १९१० नंतर आपल्याला बरोबरीचं नागरिक म्हटलं होतं. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली, धर्मावरून येणारी बंधनं सुटली, मराठी शाळा आणि वाचनालयं उभी राहिली. भारतकार हेगडे देसाईंचं 'भारत' १९१२ चं, त्याच हवेतलं. १९३० च्या कायद्याने आपण पुन्हा 'वसाहतीतले लोक' झालो.

म्हणून मी म्हणते, लिस्बनमधली ती एकाच नावाची मतपेटी आणि फोंड्यातलं आमचं घर यांच्यात अंतर फार नव्हतं. मार्च १९२८ ला कार्मोना, एप्रिल १९२८ ला सालाझार, जुलै १९३० ला वसाहत कायदा. तुमच्या दालनात हे तीन टप्पे एकाशेजारी एक लागले असते तर मला पत्र लिहावं लागलं नसतं. त्या कायद्याचा फलक दालनात कुठेच नाही. ही माझी तिसरी तक्रार.

चौथी तक्रार मला सगळ्यांत जास्त लागलेली आहे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं एक लहान चित्र तुम्ही पुढच्या खोलीत, 'साहित्यिक आणि पत्रकार' या मथळ्याखाली, आणखी आठ जणांबरोबर लावलं आहे. ते पत्रकार होतेच, आणि मोठे होते. पण ४ जुलै १९३० ला, वसाहत कायदा जाहीर होण्याच्या चार दिवस आधी, गोव्याच्या विधिमंडळात उभं राहून त्यांनी ठराव मांडला, की पोर्तुगीज भारत स्वयंनिर्णयाचा हक्क सोडत नाही. लिस्बनमध्ये विरोधाला जागा उरली नव्हती तेव्हा पणजीत एका माणसाने भर सभेत विरोध नोंदवला. 'बिनविरोध'च्या फलकासमोर ज्यांचं चित्र हवं ते हे. त्यांचं 'प्रकाश' हे वर्तमानपत्र राजवटीने बंद पाडलं. १९३८ साली ते गेले. आणि आपण त्यांना नऊ जणांच्या रांगेत ठेवलं आहे, तारखेशिवाय, ठरावाशिवाय. ज्या १९२८ साली कार्मोना 'निवडून' आले त्याच साली टी. बी. कुन्हांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. त्यांचाही उल्लेख त्या खोलीत नाही.

पाचवी लहान आहे. फलकावर 'निवडणूक' एकदाच झाल्यासारखी वाटते. कार्मोना १९२८, १९३५, १९४२ आणि १९४९ असे चार वेळा 'निवडून' आले, आणि चारही वेळा मतदानाच्या दिवशी समोर कोणी नव्हतं. १९४९ ला नोर्तन द मातुश उभे राहिले होते. प्रचाराला मोकळीक नाही, मतदारयादी बघायला मिळत नाही, म्हणून आयत्या वेळी त्यांनी माघार घेतली. १९३३ साली नव्या घटनेवर जनमत घेतलं तेव्हा जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतंही होकारात धरली. असे चार लाखांहून जास्त होते, आणि उघड नकार देणारे सहा हजारांच्या आसपास. १९५८ ला विरोधी उमेदवार जनरल उंबेर्तु देल्गादु शेवटपर्यंत टिकले. निवडून आल्यावर, तोवर पंतप्रधान होऊन बसलेल्या सालाझारचं काय कराल, असं विचारलं तर म्हणाले, "अर्थातच त्याला काढून टाकीन." त्यांना मिळालेल्या मतांनी राजवट इतकी हादरली की तिने पुढच्याच वर्षी थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धतच रद्द केली. १९६५ साली राजवटीच्या गुप्त पोलिसांनी स्पेनच्या हद्दीत देल्गादुंचा खून केला.

मला हे सगळं इतकं का लागतं, तेही सांगायला हवं.

माझ्यासमोर आत्ता आत्याच्या लग्नाची निमंत्रणपत्रिका आहे, १९४८ सालची. वर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न', दोन कोपऱ्यांत कलश, कागद पिवळा पडलेला, एका कडेला हळदीचं बोट. आणि खाली उजवीकडे, तिरका, जांभळ्या शाईचा शिक्का: सेन्सॉरने तपासलं. मुहूर्ताच्या ओळीवर तो असा बसला आहे की 'गोरज' या शब्दातला 'र' वाचता येत नाही. आजोबा हाताने लिहिलेला मसुदा घेऊन आदमिनिश्त्रादोरच्या, म्हणजे पोर्तुगीज प्रशासकाच्या, कचेरीत दोनदा गेले होते. पहिल्यांदा परत पाठवलं, कारण 'आपल्या देशबांधवांसह यावे' असं आजोबांनी हौसेने लिहिलं होतं. कुठला देश, असं साहेबाने विचारलं. आजोबांनी 'कुटुंबीयांसह' केलं. मग शिक्का मिळाला. स्थैर्याचा काळ म्हणता तो हा. त्यात मुलीचं लग्नसुद्धा शिक्क्याशिवाय लागत नव्हतं.

बाबा १९५५ साली आग्वादच्या तुरुंगात अकरा महिने होते. पत्रकं वाटली, एवढाच गुन्हा. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भोगलेली माणसं आहेत. मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. म्हापशाच्या डॉ. पुंडलिक गायतोंड्यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच असं भाषण चाललेलं असताना, एकच शब्द उच्चारला: "प्रोतेश्तु." मी विरोध करतो. तेवढ्यासाठी त्यांना पकडून पोर्तुगालला नेलं. शल्यविशारद माणूस, जेवायला गेलेला, एक शब्द बोलला. चौदाव्या फलकापाशी उभी राहिले की मला तो शब्द आठवतो. ज्या राजवटीत 'विरोध' म्हणणाऱ्याला बोटीत घालून नेत होते, तिच्या पहिल्या पानावर आपण आज, आपल्या खर्चाने, आपल्या मराठीत 'बिनविरोध' लिहून ठेवलं आहे.

आणि एक आठवण १६ जानेवारी १९६७ ची. जनमत कौल. मी नऊ वर्षांची होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश राहायचं असेल तर दोन पानं. बाबा पक्के फुलवाले. सायकलच्या हँडलला कागदाचं फूल बांधून महिनाभर गावोगाव फिरले. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने त्याआधी राजीनामा दिला होता, याचं त्यांना फार अप्रूप होतं. निकाल लागला: दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. बाबा हरले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पलीकडच्या घरी फटाके वाजत होते, कारण पलीकडचे काका दोन पानांचे. सकाळी बाबांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि माझा हात धरून पलीकडे गेले. काकांच्या हातात हात देऊन म्हणाले, "तुमचं झालं. अभिनंदन." काकांनी आत हाक मारून चहा मागवला. दोघे बराच वेळ ओसरीवर बसले होते. कागदाचं फूल पुढे कितीतरी दिवस सायकलला तसंच होतं.

माझ्या बाबांनी निवडणूक पाहिली ती अशी. चौतीस हजार मतांनी हरले, आणि हरलेल्या माणसाला कोणी बेटावर पाठवलं नाही. त्याच बाबांच्या गावातल्या दालनात १९२८ च्या त्या प्रकाराला 'राष्ट्रीय निवडणूक' आणि 'बिनविरोध निवड' म्हणायचं असेल, तर १९६७ ला काय म्हणायचं? तुमच्या दालनात दोन्हींसाठी शब्द एकच आहे. पोर्तुगीज लोकांनाही त्यांची मतपेटी परत मिळायला १९७५ उजाडलं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर बरोबर एक वर्षाने त्यांनी मोकळेपणी मतदान केलं. दहांतले नऊहून जास्त मतदार बाहेर पडले, रांगा लावून तासन्‌तास उभे राहिले. १९२८ चं मतदान त्यांनाही आपलं वाटत नाही. त्यांनी जे टाकून दिलं ते आपण चौकटीत घालून का जपावं?

माझ्या मागण्या अशा आहेत.

चित्र काढू नका. कार्मोना गोव्याच्या इतिहासात आहेत आणि त्यांचं तोंड लपवून काही साधणार नाही. फक्त मजकूर बदला. मी सुचवते तो असा: "जनरल ओस्कार कार्मोना. १९२६ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर. २५ मार्च १९२८ च्या मतदानात एकमेव उमेदवार. विरोधक तुरुंगात, हद्दपार किंवा परदेशात. संसद बरखास्त, वृत्तपत्रांवर सेन्सॉर." मजकूर छोटाच आहे, फलकाचा आकारही बदलावा लागणार नाही.

त्याच भिंतीवर वसाहत कायदा, ८ जुलै १९३०, आणि मिनेझिस ब्रागांझांचा ठराव, ४ जुलै १९३०, हे दोन फलक शेजारी शेजारी लावा. ब्रागांझांचं चित्र पुढच्या खोलीतून इथे आणा.

'स्थैर्याचा काळ' हे शब्द काढा. तिथे दुसरं काही लिहायचं नसेल तर जागा कोरी सोडा.

शाळांच्या सहलींना जी माहितीपत्रिका देता तिच्या दुसऱ्या पानावर हेच वाक्य छापलेलं आहे. नव्या छपाईपर्यंत त्यावर निदान दुरुस्तीची पट्टी चिकटवा. मुलं ती पत्रिका घरी नेतात.

आणि उत्तर लेखी द्या, कारणांसह. मी चूक असेन तर कुठे चूक आहे ते दाखवा. मी तेही सगळ्यांसमोर मान्य करीन.

आत्याची पत्रिका मी दालनाला द्यायला तयार आहे, कायमची. आजवर कोणाला दिली नाही. तिला काचेची चौकट लागेल आणि उन्हापासून लांब जागा लागेल, कारण शिक्क्याची शाई आता फिकट होत चालली आहे. चौदाव्या फलकाखाली भिंतीत एक कोनाडा रिकामा आहे, तो मी मोजून आले आहे, पत्रिका तिथे बरोबर मावते. फलक बदलला की मला कळवा. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी मी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
फोंडा, गोवा